आईसाठी टेकलेला पाय

डॉक्टरांनी पेन्सिल उचलली आणि उजेडाच्या काचेवर लावलेल्या पायाच्या फोटोवर, गुडघ्यापासून खाली, पट्टीच्या कडेनं एक रेघ ओढली. बाकी काही झालं नाही. पंखा फिरत होता, खाली रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या, ज्ञानू पुढच्या खुर्चीत काठी गुडघ्यांमध्ये धरून बसला होता. पण मागच्या खुर्चीतले हाशिमभाई पुढं सरकून बसले. रेघ नडगीच्या मधोमध उतरली, घोट्यात बसवलेल्या धातूच्या सांध्यापाशी आली आणि त्याला मध्यावर न गाठता बाहेरच्या कडेनं निघून गेली. फार नाही. एक बोट. ते बोट हाशिमभाईंच्या ओळखीचं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी भोरच्या घराच्या ओसरीवर त्यांनी ते पाहिलं होतं, पेन्सिलीनं नाही, पांढऱ्या दोऱ्यानं. तेव्हा ते त्यांना एकट्यालाच दिसलं होतं. आज भिंतीवर मागून दिवा लावून ठेवलं होतं, कुणीही बघावं असं.

"हा वाक जुना आहे," डॉक्टर म्हणाले. "घोट्याच्या वर चार बोटं. इथं हाड मोडलं होतं ना?"

"व्हय. येकाहत्तर साली. राजगडाच्या उतारावरनं कारवीचा भारा आनत व्हतो. पाय दगडात आडाकला. भारा फुडं ग्येला आन मी मागं ऱ्हायलो."

"बसवलं कोणी?"

ज्ञानूनं अंगठ्यानंच मागं दाखवलं, जत्रेत आपला बैल दाखवावा तशा डौलानं. "ह्ये काय, ह्ये बसल्यात. भोरचे हाशिमभाई. आमच्या बारा मावळात ह्येंच्या बापासारका आन ह्येंच्यासारका हात न्हाई. पर ह्येंची चूक न्हाई बरं का सायेब. चाळीस दिस पाय टेकू नगं म्हनले व्हते. येकतिसाव्या दिशी आई ग्येली माजी. थोरला मी. खांदा कोन देनार? म्या टेकला."

डॉक्टरांनी हाशिमभाईंकडे पाहिलं. चाळिशीचा माणूस, डोळ्यांखाली काळं झालेलं. हाशिमभाईंनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. का घातले ते त्यांनाही कळलं नाही. मग डॉक्टर ज्ञानूकडे वळले आणि फार सावकाश बोलले. दीड वर्षापूर्वी हा सांधा बसवला तेव्हा घोटा पुरता झिजलेला होता, हाडावर हाड घासत होतं. तो बदलायचा हे बरोबरच होतं. पण वरचं हाड कललेलं. आधी ते कापून सरळ करायचं आणि मग सांधा बसवायचा, की नुसता सांधा बसवायचा, हे ठरवायचं होतं. "मी नुसता सांधा बसवला. वाटलं, एवढा कल चालून जाईल. नाही चालला. सगळा भार एका कडेवर येतोय. दोन धातूंच्या मधे प्लास्टिकची चकती असते, ती एका बाजूनं झिजतेय. माझा अंदाज चुकला, ज्ञानोबा."

चुकला. डॉक्टरांनी ते चहा घेणार का विचारावं इतक्या साध्या सुरात सांगितलं आणि छत कोसळलं नाही. हाशिमभाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एवढंसं वाक्य. त्याला पस्तीस वर्षं लागत नाहीत, एक श्वास पुरतो.

"आतापर्यंत चौदा घोटे बसवलेत मी," डॉक्टर सांगत होते. "ज्यांचा पाय ओळीत होता ते बहुतेक चालतात. ज्यांच्यात वाक होता त्यांतलेही काही मजेत चालतात, ते का, हे मला अजून नीट सांगता येत नाही. काही नाही चालत. तुम्ही त्यांतले. पण अजून वेळ गेलेली नाही. वरचं हाड सरळ केलं तर हा सांधा वाचेल. नाही केलं तर दोन वर्षं, फार तर तीन. मग सांधा काढायचा आणि घोटा कायमचा जाम करायचा, तेही हाड उरलं तर. पुढच्या गुरुवारी या. ठरवू."

ज्ञानू हसला. पुढचे दोन दात नसलेलं त्याचं ते हसू पोरवयापासून तसंच होतं, दात असतानाही. "सांदा तुमचा, तुमी काय बी करा सायेब. पर वाक ऱ्हाऊ द्या. त्यो आईचा हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी तिच्यासाठी ग्येलेला हाय. त्यो सरळ करून घ्यायचा म्हंजी दिल्यालं माघारी घेतल्यासारकं. तेवडं नगं."

डॉक्टर काही बोलणार होते. मग त्यांनी पुन्हा हाशिमभाईंकडे पाहिलं, जणू म्हणत होते, तुम्ही हाडाचे जाणकार, तुम्ही सांगा. हाशिमभाई उठले आणि ज्ञानूची काठी त्याच्या हातात देऊन म्हणाले, "चल, गाडी चुकंल."

स्वारगेटला भोर गाडीत खिडकीची जागा मिळाली. ज्ञानूनं आजारी पाय पुढं ताणला आणि कात्रजचा घाट लागायच्या आतच तो झोपला. ज्ञानूच्या जावयाला, सोमनाथला, कंपनीतनं सुट्टी नव्हती, म्हणून हाशिमभाई सोबत. खरं तर ज्ञानूनंच त्यांना मागून घेतलं होतं. हाडाचं कळणारं माणूस संगं पायजे, म्हणाला. त्याच्या पायात डॉक्टरांनी दिलेला बूट होता, पण हाशिमभाईंना दिसत होती ती चप्पल. दरवर्षी सुगी झाली की ज्ञानू राजगडाखालच्या पालीहून भोरला यायचा, खांद्यावर पाच शेर आंबेमोहोर. हाड बसवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत हा त्यांच्या घरचा शिरस्ता, घेतले तर हात जातो असं अब्बा सांगायचे. पिकलेलं पहिलं काही कुणी आणलं तर मात्र नाही म्हणायचं नाही. ज्ञानू उंबऱ्याबाहेर चप्पल काढायचा. डावी चप्पल चांगली. उजवी बाहेरच्या कडेनं पार कागद झालेली, आतल्या कडेनं नवी. सपाट फरशीवरही ती कललेली बसायची. हाशिमभाई बोलायचे, हसायचे, बायकोला, अन्वरीला, चहा ठेवायला सांगायचे, आणि तेवढा वेळ त्या चपलेकडे पाठ करून बसायचे. पुढं पुढं तांदळाचा वास आला तरी चप्पल दिसायला लागली. अन्वरी म्हणायची, पालीचा भात तुम्हाला कसा जात नाही हो, सगळं गाव त्यासाठी मरतं. ते म्हणायचे, पोटात वायू धरतो.

ज्ञानूचा पाय मोडला त्या दिवशी अब्बांचा चाळीसावा होऊन बारा दिवस झाले होते. अब्बांच्या, मन्सूर हाडवैद्याच्या, ओसरीवर माणसं बसलेली असायचीच. अब्बा गेल्यावरही येत होती, पण आता ती हाशिमच्या तोंडाकडे बघत आणि मग एकमेकांच्या. सव्वीस वर्षांचं पोर. मुरगळा, खुब्याच्या कळा, पोराचा निखळलेला हात, एवढं त्यानं केलं होतं. मोडलेली नडगी एकट्यानं नाही. पालीची माणसं घोंगडीच्या झोळीतून ज्ञानूला घेऊन आली, सोबत त्याची आई, डोईवरचा पदर दातात धरलेली. अब्बांची रीत साधी होती. ओढायचं, बसवायचं, मग नवा पांढरा दोरा घ्यायचा, त्याचं एक टोक गुडघ्याच्या वाटीवर, दुसरं अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधे. दोरा नडगीवरून, घोट्याच्या मधून गेला पाहिजे. गेला तर उडदाचं पीठ आणि अंड्याचा बलक लावून कापड, वर बांबूच्या कामट्या, आणि तोच दोरा वरून गुंडाळायचा. चाळीस दिवसांनी सोडताना तोच दोरा पुन्हा लावून बघायचा. आणि दोरा नाही बसला तर अब्बा एकच शब्द बोलायचे. परत. माणूस कितीही ओरडो, त्याचे नातेवाईक कितीही रडोत. परत.

हाशिमनं ओढलं. ज्ञानू असा ओरडला की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. दोरा लावला. एक बोट बाहेर. ज्ञानूचे डोळे पांढरे झालेले. हाशिमनं मान वर केली तर दारात ज्ञानूची आई उभी, मागं ओसरीवरची माणसं माना लांब करून. परत, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर होतं. पण परत म्हणजे पहिल्यांदा बसलं नाही, आणि पहिल्यांदा बसलं नाही म्हणजे बापाचा हात उतरला नाही, आणि ते पुढच्या बाजारापर्यंत नसरापूरला आणि त्याच्या पुढच्या बाजाराला वेल्ह्याला कळणार. आणि ती किंकाळी पुन्हा ऐकायची. यातलं काय खरं होतं, भीती की दया, हे त्यांनी नंतर इतक्यांदा उलगडून पाहिलं की दोन्हींचे धागे एकमेकांत गुंतून गेले. हातानं मात्र वाट बघितली नाही. डाव्या हाताचा तळवा गुडघ्याखाली होता. त्यानं गुडघा जरासा बाहेर कलवला. कुशीवर वळणाऱ्या पोराला हलवावं तितका. दोरा सरकला आणि अंगठ्याच्या शेजारी, बरोब्बर मध्ये, जाऊन बसला. "बसलं," हाशिम मोठ्यानं म्हणाला. म्हातारी पुढं आली, पिठानं माखलेले त्याचे दोन्ही हात धरून तिनं आपल्या कपाळाला लावले. म्हणाली, "बापाचा हात आला रं लेकरा तुज्यात."

एकतीस दिवसांनी ती गेली. ताप आला नि गेली. हाशिमला ते कळलं ज्ञानू कामट्या सोडवायला आला तेव्हा. चाळीसच्या जागी पंचेचाळीस दिवस झाले होते. कामट्या सुटल्या, कापड निघालं, आणि पाय तसाच होता, जसा त्यांनी बांधला होता तसाच, आत झुकलेला. त्या पंचेचाळीस दिवसांत हाशिमनं मनाशी वाक्य जुळवून ठेवलं होतं, अगदी तयार. पण ज्ञानूच आधी बोलला. मान खाली घालून, गुन्हा कबूल करावा तसा. हाशिमभाई, म्या पाय टेकला. आई ग्येली. वढ्यापातुर खांदा दिला.

तिथं गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. गप्प बसणं ही निदान मोकळी जागा असते, पुढं कधी तिथं काही ठेवता येतं. पण हाशिम बोलला होता. "चाळीस दिवस सांगितले होते ना तुला?" असं, वरच्या आवाजात, ओसरीला ऐकू जाईल असं. आणि दोरा पुन्हा लावून न बघता खिशात घातला, आणि दुपारी नीरेत सोडून दिला. एवढ्यावरही थांबलं नाही. पुढं वीस-बावीस वर्षं, जोवर लोक आधी दवाखान्यात फोटो काढायला जाऊ लागले नव्हते तोवर, कुणी दहाव्या दिवशी चुळबूळ करायला लागला की हाशिमभाई म्हणायचे, पालीच्या ज्ञानूचा पाय बघून या, आणि मग टेका. त्या धाकानं माणसं पडून राहायची. किती पाय त्यामुळं सरळ जुळले. वरव्याचा गेनू, त्याची बहीण, मार्गासनीचा तो शाळेतला शिपाई. ज्ञानूचा वाकडा पाय त्यांच्या धंद्यातली सगळ्यांत उपयोगी वस्तू झाला होता. पन्नाशीत त्यांनी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं गिरवली तेव्हा बाई म्हणाल्या, आपल्या मनानं एखादं वाक्य लिहा. त्यांनी पाटीवर लिहिलं, दोरा बाहेर होता. बाई म्हणाल्या, छान, कुठला दोरा? त्यांनी बाहीनं पुसून टाकलं.

खेड शिवापूर गेलं. ज्ञानू जागा झाला, तोंडावरून हात फिरवून म्हणाला, "काय म्हनत व्हता डाक्तर, दोन वरसं? लई झाली की. दोन वरसात नात लगीन करून जाती."

"आणि मग बाकीची वर्षं?"

"मग बसायचं. तुमी येत जावा गप्पा माराया. तुमाला तरी आता कुठं धंदा ऱ्हायलाय."

हाशिमभाईंना हसायला यायला हवं होतं. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. हा माणूस बसणार. गड चढून गुरं आणणारा, भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात पायाची तक्रार न करणारा हा माणूस ओट्यावर बसून राहणार, आणि का, तर आईला दिलेलं माघारी घ्यायचं नाही म्हणून. आणि आईला काहीच दिलेलं नव्हतं. सांगितलं तर पाय वाचेल. पण त्या पायात पस्तीस वर्षं त्यानं जे जपलंय ते काढून घ्यावं लागेल, आणि ते काढून घेतल्यावर तिथं काय उरेल याचा फोटो कुठलाही डॉक्टर काढू शकणार नव्हता. एक चोरी लपवायला दुसरी केली होती. आता पहिली उघड करायची तर तिसरी करायला लागत होती.

नसरापूरच्या फाट्यावर ज्ञानू उतरला. त्याला वेल्ह्याच्या गाडीनं मार्गासनी आणि तिथून जीपनं पाली. हाशिमभाईंची गाडी हीच, भोरपर्यंत. कंडक्टरनं घंटी द्यायच्या आत हाशिमभाईही उतरले.

"आरं, तुमी कुठं?"

"तुझ्याबरोबर येतो."

"भाबीनं घरातनं काडलं काय?" ज्ञानू खूष झाला. "चला की. पर जेवल्याबिगर सोडनार न्हाई."

पालीला पोचले तेव्हा उन्हं अजून गडाच्या वर होती. धोंडाबाई अंगणात वाकळ शिवत बसली होती. नवऱ्याला बघून उठली, मागं हाशिमभाई दिसले तसा पदर नीट केला. "भाई, आज वाट चुकला व्हय? का ह्येंनी रस्त्यात पाय टाकून दिला म्हनून उचलून आनला?" मग नवऱ्याला, "काय म्हनला डाक्तर?"

"वाक काडू म्हनतुय. म्या न्हाई म्हनलो."

"न्हाई म्हनलं. हां. म्होरं बाजंवर बसून मला हाका मारायला ब्येस." ती रागानं आत चहा टाकायला वळली.

"धोंडाबाई," हाशिमभाई म्हणाले, "त्या वाकळेचा दोन हात दोरा द्या."

तिनं दातानं दोरा तोडून दिला. ज्ञानू आतल्या बाजेवर टेकला होता; हाशिमभाई तिच्यापाशी खाली बसले. त्यांनी ज्ञानूचा बूट काढला, मोजा काढला. शस्त्रक्रियेचा लांब व्रण, वर त्यांनी बसवलेलं जुनं गाठाळ हाड. पाय बाजेवर सरळ ठेवला. दोऱ्याचं एक टोक गुडघ्याच्या वाटीवर धरलं, दुसरं पुढं नेलं. दोरा नडगीवरून गेला आणि घोट्याच्या बाहेरून, करंगळीकडे, उतरला.

"ही डॉक्टरची रेघ," ते म्हणाले.

"बराबर हाय."

"ही मी त्या दिवशी पण बघितली होती. बांधायच्या आधी." मग त्यांनी डावा तळवा गुडघ्याखाली घातला आणि जरासा बाहेर कलवला. दोरा सरकून अंगठ्याशेजारी बसला. "मग मी असं केलं. आणि बसलं म्हणालो. आणि बांधलं."

ज्ञानूला लगेच कळलं नाही. तो दोऱ्याकडे बघत राहिला. आत चुलीवर काहीतरी उतू गेल्याचा वास आला.

"मंग म्या टेकला त्ये?"

"त्यानं काही झालं नाही. तेव्हा हाड धरलं होतं. तू टेकला नसतास तरी असाच निघाला असता."

"तुमाला ठावं व्हतं."

"होय."

"आन तुमी मला बोलला व्हता. लोकात."

"होय."

ज्ञानूनं नडगीवरच्या गाठीवरून अंगठा फिरवला. हाशिमभाई तसेच, दोऱ्याची दोन्ही टोकं धरून. त्यांना वाटलं, आता काठी उचलेल. उचलली असती तर बरं झालं असतं.

"मंग आईचं काय न्हवतं ह्येच्यात," ज्ञानू म्हणाला. आवाज इतका साधा होता की कुणी दुसराच बोलला असं वाटलं. "दर पितरांला वाडी ठिवतू. आन दर बारीला तिला म्हनतू, तुज्यासाठी दिला गं पाय. पस्तीस वरसं. मला वाटायचं, तिला बरं वाटत आसंल." तो थांबला. "ती मेल्याली बाई दर साली यायची, आन म्या तिला पाय दाकवायचो."

हाशिमभाईंच्या जिभेवर 'चुकलो' आलं. डॉक्टरांचं ते छोटं वाक्य. पण ते आता फार छोटं होतं.

"परत लावा," ज्ञानू म्हणाला.

"काय?"

"दोरा. परत. आन गुडघ्याला हात लावू नगा."

त्यानं स्वतःच्या दोन्ही हातांनी आपला गुडघा घट्ट धरला, खुंटा धरावा तसा. हाशिमभाईंनी दोरा लावला. एक बोट बाहेर. दोघंही त्याकडे बघत राहिले. दारात धोंडाबाई उभी होती, हातात दोन कप, ती पण बघत होती. कुणीच पाय हलवला नाही.

"सोमनाथच्या मोबाईलवर फोन लाव," ज्ञानू बायकोला म्हणाला. "गुरवारी जायाचं म्हनावं. रजा टाक म्हनावं." मग पायावर पांघरूण ओढत, हाशिमभाईंकडे न बघता, "तुमी नगा येऊ."

चहा कुणी प्यायला, कुणी नाही. जीपची वेळ झाली तसे हाशिमभाई उठले. दाराबाहेर त्यांच्या चपलांशेजारी ज्ञानूची जुनी जोडी होती, उजवी तशीच कललेली. ते अंगणात उतरले तेव्हा मागून धोंडाबाई आली, दोन्ही हातांत पिशवी. "भाई, ह्ये तांदूळ. तुमच्या नावानं काडून ठिवल्यालं."

"नको, धोंडाबाई."

ती काय करावं न कळून घराकडे वळून बघत राहिली. आतून ज्ञानूचा आवाज आला. "न्ह्या म्हनावं त्येंला. न्ह्यायाच लागंल."

त्यांनी पिशवी घेतली. जीप मिळायच्या फाट्यापर्यंत दीड मैल. पाच शेर काही जड नव्हते, पण या वयात खांदा लगेच भरून आला आणि ते उजव्या अंगाला कलले. समोरून बैल घेऊन येणारा पालीचाच कुंडलिक हसून म्हणाला, भाई, खांदा बदला की. त्यांनी मान हलवली आणि तसेच, कललेले, चालत राहिले. खांदा त्यांनी बदलला नाही.